मशीन आपोआप स्वेटर विणतं का?

प्रश्न : मला हाताने विणता येत नाही. स्वेटरचं मशीन घेतलं तर ते आपोआप विणेल ना? – एक गृहिणी, कंधार

उत्तर : ताई, हातविणकाम येत नसलं तरी अडत नाही. पण मशीन फक्त ओळी भराभर घालतं. गळ्या-मुंढ्याचे टाके कमी करणं, भाग जोडणं आपल्याच हाती. आधी साधा मफलर विणा. मग स्वेटरच्या लोकरीचा तुकडा विणून, दिवसभर ठेवून 10 सेंमीत किती टाके, किती ओळी बसतात ते मोजा. मापं बिघडतात ती बहुतेकदा या मोजणीचा कंटाळा केल्याने. कॅरेज (सुयांवरून सरकवायचा भाग) अडकली तर जोर लावू नका, सुया वाकतात. जुनं मशीन चालेल, मात्र प्रत्येक सुईची जीभ उघडमीट करून बघा. आपल्याकडे थंडी थोडकीच, म्हणून स्वेटर विकायचे असतील तर श्रावणातच विणायला बसा.