राखणीचा कुत्रा : जातीचे नाव पाहावे की आईबापांचे काम?

शिराळा तालुक्यात वारणाकाठच्या वाड्यावस्त्यांवर बिबट्याची धास्ती असल्याने राखणीच्या कुत्र्याची गरज सर्वांनाच वाटते. शेळ्या-मेंढ्या पाळणारे आणि रानात वस्ती करून राहणारे शेतकरी बंधू ‘कोणत्या जातीचे पिल्लू आणावे?’ असे विचारतात. जातीच्या नावावर पुष्कळ पैसे मोजले जातात. पुढे कुत्रे वस्ती सोडून सशामागे धावत सुटले की जातीलाच दोष दिला जातो. कुत्र्याच्या जनुकांवर गेल्या २०-२५ वर्षांत जे संशोधन झाले, ते या बाबतीत उपयोगी पडणारे आहे.

लांडगा आणि भाकरी

कुत्रा हा करड्या लांडग्याच्या कुळातला. माणसाने त्याला किमान १४ हजार वर्षांपूर्वी जवळ केले. दोघांतही गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असून त्यांचा संकर होतो. मग फरक कोठे आहे? स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात फक्त २ प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ ते ३० पर्यंत आढळतात. धनगराचा कुत्रा भाकरी आणि ताकावर दिवस काढतो, लांडग्याला ते जमत नाही, याचे कारण येथे आहे. पुढील अभ्यासात असेही दिसले, की जेथे शेती फार जुनी तेथील कुत्र्यांत या प्रती जास्त आहेत. ऑस्ट्रेलियातील रानटी डिंगोत त्या लांडग्याइतक्याच आहेत. म्हणजे माणसाने धान्य पिकविले, आणि त्याबरोबर कुत्र्याचे पोटही बदलले. (याचा अर्थ वाढीच्या पिल्लाला नुसती भाकरी पुरते असा घेऊ नये. त्याला अंडी, दूध, मांस यांतून प्रथिने मिळालीच पाहिजेत.)

जात म्हणजे वाण नव्हे

भाताचा इंद्रायणी वाण पेरला की इंद्रायणीच उगवतो, कारण भातात स्वपरागीकरण होते. कुत्र्याचे तसे नाही. पिल्लाला निम्मे जनुक आईकडून व निम्मे बापाकडून मिळतात आणि प्रत्येक पिल्लात त्यांची वाटणी निराळी होते. म्हणून एकाच वेतातील दोन पिल्ले स्वभावाने सारखी निघतीलच असे नाही.

बाह्य रूप मात्र थोड्या जनुकांवर ठरते. कुत्र्याच्या लहान-मोठ्या आकारावर आयजीएफ-१ या एका जनुकाचा मोठा प्रभाव असल्याचे २००७ साली आढळले. डॅशहुंडचे आखूड पाय हेही एकाच जनुकीय बदलाचे फळ आहे. आय. आर. ८ या भाताची बुटकी ताटे ज्याप्रमाणे मुख्यतः एका जनुकामुळे मिळाली, त्यातलाच हा प्रकार. केसांची लांबी, कुरळेपणा आणि तोंडावरील झुपके यांतील बहुतेक फरक ३ जनुकांनी स्पष्ट होतात. असे गुण डोळ्यांना दिसतात व निवडीने लवकर स्थिर होतात. विलायतेतील बहुतेक जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत अशाच घडविल्या गेल्या.

राखण, धीटपणा, माणसाळूपणा यांची गोष्ट वेगळी आहे. म्हशीच्या दुधाप्रमाणे हे गुण अनेक जनुकांवर, शिवाय संगोपनावर अवलंबून असतात. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेऊन आणि त्यांपैकी २,१५५ कुत्र्यांचे जनुक तपासून २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार कुत्र्या-कुत्र्यांच्या वागणुकीतील फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो. हुकूम ऐकण्याच्या वृत्तीत जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त निघाला. हे कुत्रे घरात पाळलेले होते, कळपाबरोबर फिरणारे नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरीही ‘जात चांगली म्हणजे राखण चांगली’ हे गणित त्यातून सुटत नाही, हे उघड आहे.

मुधोळचे उदाहरण

आपल्याला जवळचे नाव म्हणजे बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ. तेथील घोरपडे संस्थानिकांनी या शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीला आश्रय दिला. आपल्याकडे याच धाटणीच्या कुत्र्यांना कारवानी म्हणतात. राजपालयम व चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळचीही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झाली आहे. जातिवंत देशी कुत्रा टिकावा, हे चांगलेच. परंतु हा कुत्रा नजरेने सावज हेरून धावण्यासाठी घडविलेला आहे. मेंढरांजवळ रात्रभर बसून राहणे हे त्याचे मूळ काम नव्हे. तो सशामागे लागला तर तो त्याचा दोष मानू नये. मात्र ससा मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि चांदोलीच्या आसपास तर मालकाने विशेष सावध राहिले पाहिजे.

मग पिल्लू कसे निवडावे? शक्य असेल तर आई आणि बाप दोन्ही त्यांच्या कामावर असताना पाहावेत. आईबाप कळपात राहणारे, शेळी-करडांना न छेडणारे आणि परक्याची चाहूल लागताच भुंकणारे असतील, तर त्यांचे गावठी पिल्लू नुसत्या नावाच्या महागड्या पिल्लापेक्षा मी पसंत करीन. पिल्लाला लहानपणापासूनच मेंढरांच्या सहवासात ठेवावे. आईबाप एकमेकांचे भाऊबहीण नाहीत ना, हे जरूर विचारावे. २२७ जातींच्या २०२१ मधील पाहणीत अंतःप्रजननाचे सरासरी प्रमाण २५ टक्क्यांच्या जवळपास निघाले. सख्ख्या भावंडांच्या संकराइतके हे प्रमाण आहे. एकच बोकड पिढ्यान्‌पिढ्या कळपात ठेवला तर काय होते, हे शेळीपालकांना सांगायला नको.

मेंढरांचे औषध कुत्र्याला देऊ नये

गोचीड, खरूज यांसाठी मेंढरांना दिलेले आयव्हरमेक्टिन उरले की ते कुत्र्यालाही टोचण्याची सवय दिसते. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे औषध मेंदूत शिरते. काही जर्मन शेफर्डमध्येही हा दोष आढळतो. मेंढीला वजनाच्या दर किलोस २०० मायक्रोग्रॅम ही मात्रा चालते. दोषी जनुकाच्या दोन प्रती असलेल्या कुत्र्याला ती प्राणघातक ठरू शकते. संकरित कुत्र्याच्या रक्तात काय आहे हे वरून कळत नाही. औषध दिल्यानंतर झोकांड्या, लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, गुंगी अशी लक्षणे दिसल्यास ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा आणि कोणते औषध किती दिले, ते बाटली दाखवून सांगावे.