कीबोर्डचे मागचे पाय दुमडा

प्रश्न : रे रोडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर बिलं टाइप करतो. संध्याकाळी मनगटं ठणकतात. कीबोर्डचे मागचे पाय उघडलेले असतात. त्याचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. ते आजच दुमडा. कीबोर्ड मागून उचलला की मनगट मागे वाकतं, आणि मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब वाढतो. हा चढ टाइपरायटरच्या जमान्यातला. १९५५मध्ये आलेल्या गोदरेजच्या टाइपरायटरवरही बटणांच्या ओळी मागे चढत जात. पण टाइपिस्टला मनगटं अधांतरी ठेवायची शिकवण असे. आपण ती टेबलाच्या कडेवर दाबून धरतो, म्हणून जास्त बाधतं.

कीबोर्डचे पाय दुमडूनही दुखलं, तर टेबल उंच असू शकतं. कोपर बटणांच्या पातळीला येईपर्यंत खुर्ची वर घ्या. पाय लोंबकळले, तर खाली फळी ठेवा. तुमच्याकडच्या लाकडाच्या वखारीत सहज मिळेल. मध्येमध्ये हातांना विश्रांतीही हवीच.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर मात्र थांबू नका. परळला केईएमच्या अस्थिरोग विभागात दाखवा.