कागद हातात आला त्याच दिवशी

वसई-विरारमधल्या वकिलांच्या कार्यालयांत कागदपत्रांचं सॉफ्टवेअर बसवणं आणि चालतं ठेवणं हे माझं काम. २०१८ मध्ये व्यापारी दाव्यांची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली, तसे वालीव-सातिवलीच्या छोट्या कारखानदारांचे येण्यांचे वादही दस्तऐवज उघड करण्याच्या कडक नियमांखाली आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. या बदलांतून जे शिकले ते असं.

१. यादी म्हणजे नुसती नावं नव्हेत. व्यापारी दाव्यात प्रत्येक कागदापुढे लिहावं लागतं: मूळ आहे, कार्यालयीन प्रत आहे की झेरॉक्स, त्यात पक्ष कोण, तो कसा झाला किंवा कसा मिळाला, आणि कोणाकोणाच्या ताब्यातून इथवर आला. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख, विषय आणि फाईल नंबर एवढेच रकाने होते. ताब्याचा रकाना आम्ही सक्तीचा केला. तो भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही. कारकून मंडळी सुरुवातीला वैतागली. पण दावा दाखल करायच्या आदल्या रात्री ही माहिती गोळा करता येत नाही, हे त्यांनाच सर्वांत आधी पटलं.

२. फाईलचा हॅश, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, आवक नोंदीच्या वेळीच काढायचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत नव्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याला दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पक्षकाराचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय, शिवाय फाईलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे सगळं त्यात विचारलेलं आहे. एसएचए-२५६ चा हॅश चौसष्ट अक्षरांचा असतो. फाईलमध्ये एक बिंदू हलला तरी तो पूर्ण बदलतो.

माल पुरवणारे एक काका डिलिव्हरी चलनांचे फोटो घेऊन आले होते. म्हणाले, “ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ना, दोन मिनिटांत.” मी म्हटलं, “नको काका, फोनच द्या, केबलने घेते.” व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. डोळ्यांना फोटो तोच दिसतो, पण फाईल वेगळी झालेली असते, हॅशही वेगळा. त्यांचा फोन टेबलावर असतानाच मॉडेल आणि आयएमईआय नोंदवून घेतला. मूळ फाईल कुलूपबंद फोल्डरमध्ये गेली. फिरवणं, कापणं, उजळ करणं जे काही असेल ते फक्त कामाच्या प्रतीवर.

३. जालन्याचा खटला प्रत्येक कार्यालयात माहीत असावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्या वेळच्या जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र दिलं नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल, तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. म्हणून दुसऱ्याच्या ताब्यातल्या रेकॉर्डिंगच्या प्रमाणपत्रासाठी मागणीपत्र कधी पाठवलं, उत्तर काय आलं, याचीही नोंद आमचं सॉफ्टवेअर ठेवतं.

४. शोध इथल्या मातीतला हवा. जुन्या इंग्रजी खरेदीखतात गाव ‘बसीन’ असतं, नंतरच्यात ‘वसई, जिल्हा ठाणे’, आणि १ ऑगस्ट २०१४ नंतर ‘जिल्हा पालघर’. आडनाव कुठे डिसोझा, कुठे डिसूझा. ‘स.नं.’, ‘सर्व्हे नंबर’, ‘गट’ यांचा घोळ वेगळाच. श्रीलिपी किंवा कृती देवमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडच्या शोधाला सापडतच नाही. विकत घेतलेल्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये ही पर्यायी नावांची यादी तयार मिळत नाही. ती ज्येष्ठ कारकुनांजवळ बसून बनवावी लागते. सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि तो सार्थकी लागला.

५. विरोधात जाणारा कागदही यादीत येतो. तो लपवता येईल अशी खूण सॉफ्टवेअरमध्ये ठेवू नका, कोणी मागितली तरी. आणि दावा दाखल झाला म्हणून यादी बंद करू नका. नव्याने लक्षात आलेला कागद उघड करण्याचं बंधन दाव्याचा निकाल लागेपर्यंत राहतं.

वकील मित्रांना एकच विनंती: पक्षकार पहिल्यांदा येईल त्याच दिवशी त्याला सांगा की फोन बदलू नको, विकू नको, त्यातलं काही पुसू नको.