सशाच्या गाभण माद्या आणि उन्हाळा

कन्नडमध्ये सशाला 'मोल' म्हणतात. मी मराठी शाळेत शिकलेली. शेजारच्या अज्जींच्या तोंडून हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, त्या जनावराची किंमत विचारत आहेत. आता वाणिज्य शाखेत आल्यावर वाटते, अज्जींनी खरोखर तसे विचारले असते तरी चालले असते. सशाचे मोल बहुधा उन्हाळ्यात बुडते, आणि तेही मादीच्या पोटात, म्हणजे वहीत नोंद होण्यापूर्वीच. आमच्या घरी आई बारा माद्या पाळते व माझी फी त्यातून निघते, तेव्हा हा विषय मला परका नाही.

सशाला घाम जवळजवळ येतच नाही. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापाही त्याला नीट टाकता येत नाहीत. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ मुख्यतः दोन लांब कान आणि नाकाचा श्वास. १५ ते २० अंश सेल्सिअसमध्ये तो सुखात असतो. ३० च्या पुढे त्रास सुरू होतो आणि ३५ च्या वर अंगाचे तापमान आवरणे त्याच्या हाती राहत नाही. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, म्हणून आपण त्याला थंड हवेचे गाव म्हणतो खरे. पण एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली जाऊन उभे राहावे, म्हणजे ते थंडपण कळते!

मग गाभण मादीलाच जास्त त्रास का? तिचा गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा. शेवटच्या दहा दिवसांत पिल्ले झपाट्याने वाढतात, पोट भरून जाते, श्वासाला जागा उरत नाही, आणि पिल्लांची उष्णताही तिलाच बाहेर टाकावी लागते. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कानांकडे वळते, तेवढे ते गर्भाशयाला कमी पडते. त्यात उकाड्याने ती खाणे सोडते. खाण्याची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच पोट रिकामे. मग शरीर स्वतःची चरबी जाळू लागते आणि त्यातून रक्तात विषार होऊन मादी दगावू शकते. २०२४ च्या एप्रिलात शेजारच्या काकांची एक मादी २८ व्या दिवशी गेली. पशुवैद्यांनी पोट उघडले तेव्हा आत सात पूर्ण वाढलेली पिल्ले होती. काकू दोन दिवस त्या पिंजऱ्याकडे फिरकल्या नाहीत.

हे नुकसान निदान डोळ्यांना दिसले. पहिल्या आठवड्यातले दिसतही नाही. गर्भ गर्भाशयाला चिकटतो तो सातव्या दिवसाच्या सुमारास; तोवरच्या दिवसांत मादी फार तापली तर तो आतच नाहीसा होतो आणि मालक म्हणतो, मादी फळली नाही. रोज दीडशे ग्रॅम खाद्य धरले तरी ३१ दिवसांत ४ किलो ६५० ग्रॅम जाते, हिरवा चारा वेगळा. जमेच्या बाजूला मात्र शून्य.

उपायांत सर्वांत स्वस्त म्हणजे कॅलेंडर. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फळवलेली मादी मार्चच्या मध्याला विते. त्यानंतर वळीव पडून हवा उतरेपर्यंत नर दाखवायचाच नाही, असा आईचा नियम आहे. एक वेत कमी होते, पण मादी राहते.

तरी एखादी उन्हाळ्यात गाभण असलीच तर आधी छपराकडे पाहावे. पत्र्याला वरून चुना, त्यावर उसाचे पाचट किंवा नारळाच्या झावळ्यांचा जाड थर. नवी शेड बांधणाऱ्याने तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन फक्त टोकांवर पडते. वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगावे, मात्र हवा कोंडेल इतके नाही. ही युक्ती आपल्या कोरड्या दुपारी चालते. गोव्यात किंवा कारवारकडे हवाच दमट असते, तिथे गोणपाटापेक्षा पंखा बरा. पाणी मातीच्या भांड्यात, दुपारी एकदा बदललेले. खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर. ससा मुळात संधिप्रकाशातच चरणारा प्राणी. पोट चाचपणे, पिंजरा बदलणे, बाजारात नेणे ही कामे दुपारी नकोत.

मादी आडवी पसरून पडली तर घाबरू नये, ती अंग थंड करीत असते. पण तोंड उघडून श्वास घेऊ लागली, नाकाभोवती ओल दिसली, तर तिला लगेच सावलीत न्यावे आणि साध्या पाण्याने कान ओले करावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवणे हा उपाय नव्हे. त्या धक्क्यानेच ती जाऊ शकते. तोंडात पाणी ओतू नये. नंतर पशुवैद्यांना दाखवावे.

२८ व्या दिवशी विण्याची पेटी ठेवतात. उन्हाळ्यात तिच्या तळाला भोके हवीत व आत गवत थोडे. मादी स्वतःचे केस उपटून अंथरते. पिल्ले उघडी जन्मतात म्हणून ते लागतात, पण उकाड्यात त्यातले थोडे काढून जपून ठेवावेत. पावसाने गारठा आला की तेच परत घालता येतात.

राहता राहिला नर. तो दिसायला ठणठणीत असला तरी उन्हाळ्यात त्याचे वीर्य निकामी होते आणि नवे तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून मार्चपासून सावलीची जागा त्यालाही द्यावी, आणि जूनमध्ये माद्या फळल्या नाहीत एवढ्यावरून त्याला विकू नये. ऑगस्टपर्यंत थांबून मग हिशेब करावा.