जीपला जादा पाटे घालावेत का?

आर्णीचा परिसर कपाशीच्या काळ्या जमिनीचा. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून तडकते. म्हणून अरुणावतीकाठच्या शेतवाटांवर खड्डे आणि चाकोऱ्या पडतात. चारही चाकांना गती देणारी जीप अशा वाटेवर उपयोगी पडते. मुंबईत तिची जुळणी १९४०च्या दशकात सुरू झाली.

समजा, घरची जुनी जीप मागून फार हेलकावते. कोणी सुचवले, "जादा पाटे घाला, गाडी दणकट होईल." पैसे घालण्यापूर्वी मोजून पाहू या.

प्रथम गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती दोनतीनदा हेलकावली, तर दोष शॉक ॲब्सॉर्बरचा. पाटे ऊर्जा साठवतात. शॉक ॲब्सॉर्बर ती उष्णतेत बदलून जिरवतो. जादा पाट्यांनी हे काम होत नाही.

आता हूकचा नियम (१६७८) आठवा : भार दुप्पट, तर दाब दुप्पट. मोठ्या माणसाला सोबत घ्या. जीप सपाट जागी उभी करून हातब्रेक लावा. मागचा ॲक्सल आणि सांगाडा यांतील अंतर मोजा. ५० किलोचे चौघे ॲक्सलच्या बरोबर वर बसवून पुन्हा मोजा. अंतर ४ सेंमीने घटले, तर दोन्ही पाट्यांचा मिळून ताठपणा सेंमीला ५० किलो.

रिकाम्या गाडीचा पाट्यांवरील भार ४०० किलो धरला, तर दाब ८ सेंमी. ५ ला दाबाच्या वर्गमुळाने भागले की दर सेकंदाची आंदोलने मिळतात : सुमारे १.८. ताठपणा दुप्पट केल्यास दाब ४ सेंमी, आंदोलने २.५. रिकामी गाडी आता दणके देईल, चाके उसळून जमीन सोडतील. चाक हवेत असताना ब्रेक कसा लागणार?

मात्र गाडीत रोज ४०० किलो माल असेल, तर दुप्पट ताठ पाट्यांवर दाब पुन्हा ८ सेंमी होतो. तिथे बदल योग्य. पण त्याने ब्रेकची किंवा ॲक्सलची ताकद वाढत नाही, म्हणून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माल भरू नये.

"गाडी उंच होईल, चिखलात रुतणार नाही" हेही अर्धसत्य. उंचावतो तो सांगाडा. चिखलात आधी टेकतो तो ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. त्याची उंची टायरवर ठरते, पाट्यांवर नाही.

तुम्हीच काढा : ताठपणा ५०, भार ८०० किलो, आंदोलने किती? (उत्तर : १.२५)