मद्यपींचा सेवक

अमेरिकेतील ॲक्रन नगराचे डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य मद्याच्या पाशात सापडले होते. इ. स. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा दारू सोडलेला गृहस्थ त्यांस भेटला, व पुढील महिन्यात त्यांची दारू कायमची सुटली. त्यानंतर १९५० साली मरण पावेपर्यंत त्यांनी असंख्य मद्यपींची शुश्रूषा मोबदल्यावाचून केली.

तिची त्यांनी चार कारणे दिली: ते कर्तव्य आहे, त्यात आनंद आहे, पूर्वी मिळालेल्या साहाय्याचे ऋण फिटते, आणि आपला पाय पुन्हा घसरत नाही.

वाचकहो, चौथे कारण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. दुसऱ्यास सावरणाराही सावरला जात असतो. यास्तव दारू सोडलेला बंधु मद्यप्याच्या दारी जाऊन बसला, तर त्याचे पूर्वीचे दिवस काढून त्यास हिणवू नये. त्याचा मान राखावा.