एका घराची दोन उत्पन्नं : कर्जाच्या फॉर्मवरचा खरेपणा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या काही सत्संगांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुढे आला. एका ताईंनी तर सरळच विचारलं, "अक्का, फायनान्सवाले म्हणतेत की आमदनी जरा वाढवून लिव्हा, म्हंजे कर्ज जास्त मिळतंय. समदेच लिव्हतेत. ह्यात पाप कसलं? पैसे तर आपण फेडणारच हाव की!" म्हणून या आठवड्याच्या अभ्यासाला हाच विषय घेतला आहे. आधी व्यवहार समजून घेऊ, मग धर्म. दोन्ही शेवटी एकाच जागी येतात.

*१. फॉर्मवर उत्पन्न कशासाठी विचारतात?*

आपल्याला वाटतं, तो आकडा बँकेच्या सोयीसाठी असतो. तसं नाही. रिझर्व्ह बँकेनं १४ मार्च २०२२ ला मायक्रोफायनान्सचे नियम काढले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली, ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यालाच हे बिनतारण कर्ज द्यायचं. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. दुसरी, जुन्या-नव्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायचे नाहीत.

हा निम्म्याचा नियम म्हणजे आपल्या शेताभोवतीचं कुंपण आहे. अर्धे पैसे हप्त्याला, अर्धे चुलीला, औषधाला, पोरांच्या शाळेला. उत्पन्न वाढवून लिहिलं की कुंपण आपणच उपटून पुढं सरकवतो. शेत मात्र तेवढंच राहतं.

*२. हिशेब करून बघू*

उदाहरण म्हणून एक घर धरू. नवरा-बायकोचं मिळून महिन्याला खरं उत्पन्न १४,००० रुपये. निम्मे म्हणजे ७,०००. आता ५०,००० चं कर्ज, व्याज वर्षाला २४ टक्के, मुदत २ वर्षं, असं धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण २,६४० येतो. अशी दोन कर्जं झाली तर हप्ता ५,२८०. घर ओढाताणीनं का होईना, चालतं. तिसरं कर्ज नियमात बसत नाही.

पण फॉर्मवर १४,००० च्या जागी २४,००० लिहिले. वर्षाचे २ लाख ८८ हजार झाले, म्हणजे ३ लाखांच्या आतच. निम्मे झाले १२,०००. आता कागदावर चार कर्जं बसतात! चार हप्ते मिळून १०,५६०. घरात उरले किती? १४,००० वजा १०,५६०, म्हणजे ३,४४०. एवढ्यात महिना काढायचा. मग पाचवं कर्ज चौथ्याचा हप्ता भरायला, आणि तेही मिळालं नाही की सावकार.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. कलबुर्गीची तूर काय, बीदरचं सोयाबीन, मूग, उडीद काय, पैसा वर्षात एकदा-दोनदा हातात येतो. हप्ता मात्र दर महिन्याला, कुठं दर आठवड्याला दारात उभा. म्हणून हंगामातला चांगला महिना दाखवून बारा महिन्यांचं उत्पन्न काढणं, हेही खोटंच. वर्षाची खरी कमाई घ्या, बी-बियाणं, खत, मजुरी वजा करा आणि मग बाराने भागा.

*३. एक घर, दोन उत्पन्नं*

नाडकचेरीत उत्पन्नाचा दाखला काढताना आपण गरीब असतो. बीपीएल कार्डासाठी वर्षाला १ लाख २० हजारांच्या आत. त्याच आठवड्यात कर्जाच्या फॉर्मवर २ लाख ८८ हजार! दोन्ही कागदांवर सही एकाच हाताची. यातला एक तरी कागद खोटा आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पूर्वी हे कागद एकमेकांना भेटत नसत. आता भेटतात. वर सांगितलेल्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याला घराचं उत्पन्न क्रेडिट माहिती कंपनीकडे कळवावंच लागतं, आणि आधी कळवलेल्या आकड्याशी फरक पडला तर कारण विचारावं लागतं. घरबांधणीच्या कर्जासाठी काही जण वाढीव उत्पन्नाचं रिटर्न भरून घेतात. त्यानं त्या घरावर आयकराचा बोजा आला, तर गृहलक्ष्मीचे महिन्याचे २,००० जाऊ शकतात, कारण जी बाई किंवा जिचा नवरा आयकर भरतो तिला ती योजना नाही.

कायद्याचंही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक करून पैसे घेण्याला कलम ३१८ आहे आणि ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पगाराची खोटी चिठ्ठी, खोटं बँक स्टेटमेंट जोडलं तर बनावट कागदाचा गुन्हा वेगळा लागतो. हे भीती घालायला लिहीत नाही. पण "नुसता एक आकडा तर आहे" असं समजू नये.

*४. खोट्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर?*

माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे. गटाच्या कर्जाला सोनं नाही, जमीन नाही. तारण काय? शेजारीण! एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना बसवून ठेवतात, पदरचे भरायला लावतात. म्हणजे मी १०,००० वाढवून लिहिले ते मी बँकेला फसवलं असं मला वाटतं. खरं तर जी बाई माझ्या शब्दावर माझ्या शेजारी बसली, तिच्या पोराच्या दुधाचे पैसे मी न विचारता गहाण टाकले.

हे आपल्या राज्यानं पाहिलं आहे. हप्त्यांच्या तगाद्यानं घरं सोडून जाणारी माणसं आणि आत्महत्या यांमुळे कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बळजबरीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. त्याआधी २०१० मध्ये आंध्र प्रदेशात असंच झालं होतं. आणि ही गरिबांचीच गोष्ट आहे असंही नाही. अमेरिकेत २००८ च्या आधी लोकांनी तोंडी सांगितलेल्या उत्पन्नावर, कागद न बघता घरकर्जं दिली. तिथल्या धंद्यातच त्यांना "खोटारड्यांची कर्जं" म्हणायचे. घरं गेली, बँका बुडाल्या. मग २०१० मध्ये कायदा करावा लागला की फेडायची ऐपत तपासल्याशिवाय घरकर्ज द्यायचं नाही.

यात देणाऱ्यांचा दोष मोठा आहे, हे मान्यच. कर्जाचा आकडा वाढवण्यासाठी फॉर्म भरणाराच कानात सांगतो. पण त्याचा दोष आपली सही पुसत नाही.

*५. मनातल्या सबबी*

_"एजंटनं लिहिलं, मी नुसता अंगठा दिला."_ मग अंगठ्याआधी वाचून घ्या. कर्जाची माहिती आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागणं हा आपला हक्क आहे.

_"फेडायची नियत साफ आहे."_ नियत साफ असली तरी १४,००० चे २४,००० होत नाहीत. साफ नियतीची पहिली खूण म्हणजे खरा आकडा.

_"देव दामाजीपंतांसारखा धावून येईल."_ दामाजींची कथा आपल्या बीदरशीच बांधलेली आहे. विठू महार होऊन देवानं बीदरला रक्कम भरली, पावती घेतली. पण नीट बघा. दामाजींनी कोठार उघडलं ते भुकेल्यांसाठी, स्वतःच्या घरासाठी नाही. आणि त्यांनी खोटा जमाखर्च मांडला असं कथेत कुठं नाही. बसवकल्याणची परंपराही तेच सांगते. बसवेश्वर बिज्जळाचे भांडारी होते, खजिन्याबद्दल चुगली झाली, हिशेब तपासला आणि तो चोख निघाला. ज्याचा हिशेब उघडा, त्याचीच हाक उघड्या तोंडानं निघते.

_"दवाखान्याची नड आहे, मग काय करू?"_ ही सबब नाही, खरी अडचण आहे. त्यासाठीच पुढचा भाग.

*६. मग करायचं काय?*

• दवाखान्यासाठी आधी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक विचारा. बीपीएल घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत.
• शेतीसाठी सहकारी सोसायटीचं पीक कर्ज बघा. कर्नाटकात ५ लाखांपर्यंत ते बिनव्याजी मिळण्याची सोय आहे. पहाणी नावावर आहे का, ते आधी तपासा.
• आपला बचत गट सोडू नका. बीदर डीसीसी बँकेनं १९९० च्या दशकापासून गट जोडण्याचं काम केलं. गटात सगळ्यांना एकमेकींची कमाई ठाऊक असते, खोटा आकडा तिथं टिकतच नाही.
• क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. आपल्या नावावर किती कर्जं आहेत ते बघा.
• आधीच आकडा वाढवून कर्ज घेतलं असेल तर घाबरून लपू नका. नवं कर्ज थांबवा. घरात आणि गटात खरं सांगा. हप्ता कमी करून मुदत वाढवायची लेखी विनंती करा. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येणं नियमात नाही, हेही लक्षात ठेवा.

*या आठवड्याचं चिंतन*

१. आमच्या घराचं खरं मासिक उत्पन्न किती? नवरा-बायको दोघांचा आकडा एकच येतो का?
२. सगळे हप्ते मिळून निम्म्याच्या आत आहेत का?
३. माझ्या गटातल्या बायकांसमोर मी माझा फॉर्म मोठ्यानं वाचू शकेन का?

तिसऱ्या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं, तर सही करायला हरकत नाही. नाही आलं, तर पेन खाली ठेवावा. कर्ज थोडं कमी मिळेल, पण जपाला बसल्यावर दारावरची थाप ऐकून जीव दचकणार नाही.

सद्गुरू सर्वांना खरं लिहायचं बळ देवोत.

आपली,
अभ्यास विभागातली एक सेविका